बंद करू नये

आमच्या दिवाणखान्यात चपलांच्या कपाटावर एक जुना लॅपटॉप मिटून ठेवलेला आहे. त्याची उजवी बिजागरी तुटली आहे, कीबोर्डवरची दोन बटणं निघून गेली आहेत. झाकणावर लाल शाईत चिठ्ठी आहे: ‘हा सर्व्हर आहे. बंद करू नये.’ घरकामाला येणाऱ्या ताईंनी एकदा कपाट पुसताना त्याचा प्लग काढला, आणि रात्री बॅटरी संपल्यावर घरातलं सगळं इंटरनेट ठप्प झालं. त्या रात्री मी ती चिठ्ठी लावली.

चिठ्ठीची कल्पना माझी नव्हे. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा पहिला सर्व्हर सुरू केला, तो त्यांच्या टेबलावरच्या काळ्या ‘नेक्स्ट’ संगणकावर. कुणी सहज येऊन बटण दाबलं असतं, तर अख्खं वेब बंद पडलं असतं. म्हणून त्यांनी लाल शाईत, हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी पट्टी लिहून त्यावर चिकटवली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सर्व्हर म्हटला की आपल्यासमोर नवी मुंबईतल्या, कडक पहाऱ्यातल्या, गार हवेच्या इमारती येतात. पण वेबची सुरुवात एका माणसाच्या रोजच्या कामाच्या संगणकापासून झाली.

त्याआधीचंही पाहा. इंटरनेटच्या पूर्वजाची, म्हणजे अर्पानेटची, घडण ज्या टिपणांतून झाली त्यातलं पहिलं टिपण स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी लिहिलं. त्याचं शीर्षक ‘होस्ट सॉफ्टवेअर’. होस्ट म्हणजे यजमान. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक संगणकाला तेव्हापासून आजपर्यंत हाच शब्द आहे, मग तो विद्यापीठातला अजस्र संगणक असो की खिशातला फोन. देणारे कोण आणि घेणारे कोण, हे जाळ्याने ठरवून ठेवलेलं नाही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम किरकिरत जोडला जायचा, मिनिटांचा हिशोब चालायचा, काम झालं की तोडायचं. अशा घराने यजमान होणं शक्यच नव्हतं; ते पाहुण्यासारखं जाऊन हवं ते घेऊन परतायचं. आता फायबर दिवसरात्र चालू असते, आणि कित्येक योजनांत वर पाठवण्याचा वेग खाली घेण्याच्या वेगाइतकाच असतो. तरी सवय मात्र पाहुण्याचीच राहिली. गेली काही वर्षं मी घरी जी खटपट करते आहे, ती ही सवय मोडण्यासाठी.

लॅपटॉपचा सर्व्हर करणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. मी त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती टाकली. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली ती सुरू केली आणि मैत्रीण डेब्रा व स्वतः इयन यांची नावं जोडून तिचं नाव ठेवलं. ती फुकट आहे आणि चार जीबी मेमरीत आनंदाने चालते. झाकण मिटलं की झोपी जायचं नाही, एवढी एक ओळ सेटिंगमध्ये बदलावी लागते. प्लगला लावायच्या मीटरवर मी मोजलं: पडदा बंद असताना हा लॅपटॉप सुमारे ९ वॅट घेतो. महिन्याला साडेसहा युनिट. शिवाय बॅटरी अंगचीच असल्यामुळे वीज गेली तरी दोन तास निघतात. राऊटरला तेवढा एक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला की झालं. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. चोवीस तास शंभर टक्के भरलेली बॅटरी काही काळाने फुगते. चार्जिंगला ऐंशी टक्क्यांची मर्यादा घाला, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती ताबडतोब काढून टाका. ती आगीची वस्तू आहे.

आता भिंतीतून येणाऱ्या त्या केसाएवढ्या काचेच्या धाग्याकडे वळू. घरोघरी येणारी फायबर बहुधा ‘जीपॉन’ पद्धतीची असते. केबलवाल्याच्या कचेरीतून निघालेला एक धागा वाटेत एका लहान डबीत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या डबीला वीज लागत नाही. आत प्रकाश फक्त विभागला जातो. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा. दोन्ही एकाच धाग्यातून एकाच वेळी जातात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. खाली येणारा मजकूर सगळ्या घरांना पोहोचतो, प्रत्येक घरातला फायबरचा डबा त्यातला आपला तेवढा उचलतो. वर पाठवताना मात्र रांग असते: कोणत्या घराने नेमक्या कोणत्या क्षणी बोलायचं, हे कचेरीतलं यंत्र सेकंदाच्या सूक्ष्म भागांत वाटून देतं.

हे सगळं मला कळलं ते एका बिघाडामुळे. दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं आणि दोन दिवस इंटरनेट येत-जात राहिलं. कंपनीच्या फोनवरचा माणूस राऊटर बदला म्हणत होता. मी डब्याच्या पानावर जाऊन प्रकाशाचं माप पाहिलं. एरवी तिथे उणे २० डीबीएम असायचं, म्हणजे एका मिलीवॅटचा शंभरावा भाग. त्या दिवशी उणे २८ होतं. या मापात दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. आठ अंकांची घट म्हणजे सहापट कमी. कपाटामागे वाकून पाहिलं तर धागा कोपऱ्यात काटकोनात दुमडला होता. काचेतला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. वळण फार तीव्र झालं की तो भिंतीतून निसटतो. धागा सैल केला, वाटीच्या घेराएवढं वळण दिलं, आणि माप पुन्हा वीसवर आलं. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगते: इंटरनेट व्यवस्थित चालू असतानाच हा आकडा एकदा लिहून ठेवा. बिघडल्यावर तुलना करायला तोच उपयोगी पडतो.

पण खरा अडसर काचेत नाही. तो पत्त्यात आहे.

१९८१ साली ठरलेल्या नियमानुसार इंटरनेटवरचा पत्ता ३२ बिटांचा असतो. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी होते. त्या काळी ती अफाट वाटली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला. भारतात स्वस्त इंटरनेटची लाट आली ती त्यानंतर. म्हणजे आपण पंगतीला बसलो तेव्हा पानं वाढून संपली होती.

मग सगळ्यांना इंटरनेट मिळालं कसं? पुण्याच्या पेठांतले वाडे आठवा. आत दहा बिऱ्हाडं, बाहेर घर क्रमांक एकच. घरातला राऊटर तसाच असतो. आत फोन, टीव्ही, लॅपटॉप अशी बिऱ्हाडं, त्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते. १९९० च्या दशकात असे काही गठ्ठे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, त्यामुळे जगातल्या लाखो घरांत तेच पत्ते सुखाने नांदतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर राऊटर वाड्याचा पत्ता घालतो आणि कोणत्या बिऱ्हाडाचं पत्र कोणत्या पोर्ट क्रमांकाने गेलं, हे वहीत टिपतो. उत्तर आलं की वही पाहून आत पोहोचवतो. असे पोर्ट क्रमांक ६५,५३६ असतात. एका घराला ते भरपूर होतात. स्वतःहून कुणाचं पत्र आलं तर वहीत नोंद नसते, ते आत पोहोचत नाही. पण वाडा आपला असतो. देवडीवर आपण सांगून ठेवू शकतो, की अमुक क्रमांकावर आलेलं पत्र थेट मागच्या खोलीत द्या. याला पोर्ट उघडणं म्हणतात.

पत्ते आणखी कमी पडले तेव्हा कंपन्यांनी हीच युक्ती वरच्या पातळीवर केली. आता अख्ख्या पेठेला मिळून एक पत्ता, आणि वही कंपनीकडे. याला ‘सीजीनॅट’ म्हणतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ हा खास पट्टा राखला गेला. त्यात आपली देवडी आपल्याला कितीही उघडता आली, तरी पेठेच्या वेशीवरचा दरवाजा आपल्या हातात नसतो. बाहेरून तुमच्या घरापर्यंत कुणी येऊच शकत नाही.

हे तुम्हाला स्वतः तपासता येतं. राऊटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा, म्हणजे ‘वॅन’चा पत्ता दिलेला असतो. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही पेठेच्या आत आहात. व्हिडिओ पाहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, आणि म्हणूनच कुणी तक्रार करत नाही. पण यजमान होण्याचा हक्क तिथे संपतो. जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता मिळतो. आमच्या कंपनीने त्यासाठी दरमहा वेगळी रक्कम मागितली. माझं मत स्पष्ट आहे. घराला वीज देताना मीटर जसा ओघानेच येतो, तसा इंटरनेटच्या जोडणीबरोबर पत्ता यायला हवा. तो चैनीची वस्तू नाही.

सुदैवाने याचं उत्तर तयार आहे, आणि ते भारतात बऱ्यापैकी पोहोचलंही आहे. पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही-सिक्स, डिसेंबर १९९८ मध्ये लिहून झाली. तिचा पत्ता १२८ बिटांचा. एका घरगुती जाळ्याला साधारणपणे जो सर्वांत लहान गठ्ठा मिळतो, त्यात ६४ बिट मोकळे असतात. जुन्या इंटरनेटमध्ये ४२९ कोटी पत्ते होते ना? तशी ४२९ कोटी इंटरनेटं एका घरात बसतील. या पद्धतीच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, कारण उशिरा वाढलेल्या आपल्या मोबाइल जाळ्यांना दुसरा मार्गच नव्हता. २०१६ साली सुरू झालेलं जिओचं जाळं पहिल्यापासून तिच्यावर उभं राहिलं. आमच्या राऊटरवर ती बंद करून ठेवलेली होती. एक खूण केली आणि चपलांच्या कपाटावरच्या लॅपटॉपला जगभरात एकमेव असा पत्ता मिळाला. बाहेर मोबाइलच्या जाळ्यावरून मी त्याला हाक मारली आणि त्याने ओ दिली, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

पत्ता मिळाला की पाठोपाठ चोर येतात. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर दुरून लॉगिन करण्याचा पोर्ट २२ उघडा ठेवला, तर काही मिनिटांत अनोळखी यंत्रं पासवर्ड आजमावू लागतात: ‘रूट’, ‘ॲडमिन’, १२३४५६. हा चाळा समजू नका. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं तासन्‌तास बंद पाडली. त्यात कुणाचा तरी सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेराही असणारच. म्हणून माझा नियम एक. बाहेरच्यांसाठी एकच दार, आणि ते ‘वायरगार्ड’चं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला, दोन यंत्रांना जोडणारा हा कुलूपबंद बोगदा मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. त्याची मुख्य संहिता चारेक हजार ओळींची, म्हणजे एका माणसाला वाचून तपासता येईल एवढी. त्याचा सर्वांत चांगला गुण असा, की योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. कडी वाजवणाऱ्याला आत कुणी राहतं की नाही, हेही कळत नाही.

सीजीनॅटच्या आत अडकलेल्यांनाही याचा उपयोग होतो. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं. मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने छोटा सर्व्हर घ्यायचा आणि घरच्या सर्व्हरने तिकडे बोगदा काढायचा. दर २५ सेकंदांनी तो एक रिकामं पाकीट पाठवत राहतो, म्हणजे पेठेच्या वहीतली नोंद शिळी होत नाही आणि वाट उघडी राहते.

घरच्यांना या लॅपटॉपचा रोज जाणवणारा उपयोग वेगळाच आहे: तो नावं सांगतो. माणसं नावं लक्षात ठेवतात, यंत्रांना आकडे लागतात. सुरुवातीला सगळ्या नावांची एकच फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर आणि त्यांचे सहकारी ती हाताने सांभाळत आणि सगळे संगणक तिची प्रत उतरवून घेत. जाळं वाढलं तशी ती पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस ही वाटून दिलेली व्यवस्था आखली. तिच्या मुळाशी आजही १३ नावांचे मूळ सर्व्हर आहेत, आणि त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. तुम्ही काहीही उघडलंत तरी आधी कुणाला तरी विचारलं जातं, ‘हे कुठे राहतात?’ तो कुणीतरी सहसा तुमची कंपनी असते. म्हणजे तुमच्या घरातून कोण, कधी, कुठे गेलं, याची यादी आपोआप तिच्यापाशी तयार होऊ शकते.

लॅपटॉप बंद पडला की इंटरनेट ठप्प होतं ते यामुळेच: आमच्या घरात हा प्रश्न आता लॅपटॉपवरच्या ‘पाय-होल’ला विचारला जातो. त्याच्याजवळ जाहिराती आणि पाळत यांच्यासाठीच असलेल्या नावांची लांब यादी आहे. त्यातलं नाव आलं की तो, ‘असं इथे कुणी राहत नाही,’ असं सांगतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्या नोंदी वाचताना मी सुन्न झाले. एका बातमीच्या पानासाठी वीस-पंचवीस वेगवेगळी नावं विचारली जात होती, आणि त्यातलं बातमीचं नाव एक. टीव्ही पहाटे तीन वाजता, घर झोपलेलं असताना, कुठेतरी काहीतरी कळवत होता. मुलीला ती यादी दाखवली. फोन सतत काय बोलतो हे तिला सांगून जे पटलं नव्हतं, ते त्या दहा मिनिटांत पटलं. शाळांमध्ये संगणकाच्या तासाला हा एक प्रयोग जरूर करावा.

सर्व्हरचं नाव आम्ही ‘कोठी’ ठेवलं आहे. घरगुती जाळ्यांतल्या नावांसाठी २०१८ साली ‘होम डॉट अर्पा’ हा शेवट राखून ठेवला गेला. त्यातला अर्पा हा शब्द मुळात त्याच १९६९ च्या अर्पानेटमधून आलेला. नाव मराठीत ठेवलं तरी आत ते रोमन अक्षरांतच साठवावं लागतं. जुन्या व्यवस्थेत इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. देवनागरीत ‘डॉट भारत’ची नावं २०१४ पासून मिळू लागली, पण पडद्यामागे तीही ‘प्युनीकोड’ नावाच्या पद्धतीने रोमनमध्ये उलथवून लिहिली जातात.

आणि कोठीत ठेवलंय काय? फोटो, वडिलांच्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, कागदपत्रं, आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. या ओव्यांमुळेच मला या सगळ्यातला सर्वांत कठोर धडा मिळाला. रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढायचं काम मी लावून दिलं होतं. रोज सकाळी ‘काम पूर्ण’ अशी नोंद दिसायची. एके दिवशी लॅपटॉपची डिस्क टकटक वाजू लागली आणि संध्याकाळपर्यंत संपली. बाहेरची डिस्क उघडली तर तिच्यावर सात महिन्यांपासून काहीच नव्हतं. तिची केबल सैल झाली होती, त्यामुळे ती जोडलीच जात नव्हती. आणि ज्या फोल्डरमध्ये ती दिसायची तो फोल्डर मात्र लॅपटॉपवर होता. प्रती इमानेइतबारे निघत होत्या, त्याच डिस्कवर, जी आता मेली होती. ओव्या बचावल्या, कारण सांगलीच्या मावशीने त्या फोनवर जपून ठेवल्या होत्या.

पीटर क्रॉग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम त्यानंतर मी शब्दशः पाळते: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. दुसरं गाव म्हणजे कोल्हापूर. धाकट्या भावाच्या घरी आईच्या खोलीतल्या कपाटात ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक आणि एक डिस्क ठेवली आहे. रोज रात्री दोन वाजता पुण्याची कोठी कोल्हापूरच्या पत्त्यावर वायरगार्डमधून जाते, दिवसभरात जे बदललं तेवढंच कुलूपबंद करून तिथे ठेवते, आणि त्याच फेरीत भावाकडचे फोटो इकडे आणते. दोन्ही घरांना नव्या पद्धतीचे पत्ते आहेत. वाहून नेणारे केबलवाले तेवढे वाटेत. ठेव मात्र आमच्याच दोन घरांत. दोघंही यजमान, दोघंही पाहुणे. आता डिस्क जोडलेली नसेल तर काम सुरूच होत नाही आणि मला निरोप येतो. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कोल्हापूरच्या प्रतीतली कोणतीही एक फाइल परत आणून उघडून पाहते. गेल्या रविवारी एक ओवी निघाली. ती शेवटपर्यंत ऐकली, आवाज कुठेही तुटला नाही.

तुमच्या माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एक महिना त्याला सर्व्हर म्हणून चालवून पाहा, एवढंच मला म्हणायचं आहे. आणि तेवढाही वेळ नसेल, तर निदान आज रात्री एक करा: तुमचा जो काही बॅकअप आहे असं तुम्हाला वाटतं, मग तो फोनचा असो की डिस्कचा, त्यातला एक फोटो परत आणून उघडून पाहा.